मे महिन्यातल्या गोव्यासाठी इंडी आणि डान्स संगीत: दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंतची यादी कशी बांधावी

गोव्यात डान्स संगीत म्हटले की सगळ्यांच्या मनात डिसेंबर येतो. पण घरच्या माणसांना गाणी ऐकायला खरी सवड मिळते ती एप्रिल-मेमध्ये. मे महिन्यात शाळांना सुटी असते, मुंबई-पुण्याचे पाहुणे आलेले असतात, ओसरीवर मानकुराद आंबे पिकत घातलेले असतात. आणि नेमका तिथेच घोळ होतो. डिसेंबरची यादी मे महिन्यात लावली जाते. दुपारी तीन वाजता, अंगाला कपडे चिकटत असताना, १४० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांचा, ट्रान्स हा वेगवान डान्स प्रकार कुणाला सोसत नाही. पंधरा मिनिटांत कोणीतरी उठून आवाज कमी करतो आणि अर्ध्या तासात स्पीकर बंद होतो. त्यात गाण्याचा काही दोष नसतो. वेळ चुकलेली असते.

मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ज्या मुलखातल्या, तिथे गाण्याला वेळ असते हे वेगळे सांगायला नको. भर दुपारी मालकंस कोणी गात नाही. हाच न्याय इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांच्या आधाराविना केलेल्या स्वतंत्र संगीताला, आणि डान्स संगीताला लावायचा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. पुढची मांडणी दहा ते तीस माणसांच्या घरगुती बैठकीसाठी आहे: कौलारू घर, ओसरी, पुढे अंगण, दुपारी दोनला सुरुवात आणि रात्री दहाच्या आत शेवट.

आधी दिवसाचे तुकडे पाडा

गाणी निवडायला बसण्यापूर्वी कागदावर वेळा लिहा. पणजीत एप्रिलच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, मेअखेर सातच्या आसपास. किनाऱ्यालगत खारा वारा दुपारीच सुटतो. डिचोली-सत्तरीकडे तो उशिरा आणि मंद पोचतो. त्यामुळे मांद्रे किंवा मोरजीच्या घरात जी चाल साडेचारला चालते, ती वाळपईत साडेपाचला घ्यावी.

साधारण विभागणी अशी: दोन ते साडेचार ७० ते १०० बीपीएम, साडेचार ते सव्वासहा १०० ते ११५, सव्वासहा ते साडेसात ११२ ते १२०, साडेसात ते सव्वानऊ १२० ते १२८, आणि शेवटची पस्तीस मिनिटे पुन्हा ९०पर्यंत उतरण. नऊ पन्नासला शेवटचे गाणे संपायला हवे. दहाची वेळ का, ते पुढे येईल.

आता हिशेब. इंडी गाणे सरासरी चार मिनिटांचे असते, हाउस (चार सारख्या ठोक्यांचे क्लबमधले संगीत) किंवा डिस्कोचा मूळ लांबीचा ट्रॅक सहा-सात मिनिटांचा. त्यानुसार दुपारसाठी ३७, चढतीसाठी २१, तिन्हीसांजेला १४, नाचाला १६ आणि उतरणीला ८, असे सुमारे ९६ ट्रॅक लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी पाचांपैकी एक या प्रमाणात जास्तीची गाणी काढून ठेवा, कारण एखादे गाणे जमत नाही हे ते सुरू झाल्यावरच कळते.

गाणी फोनवर उतरवूनच ठेवायची. ३२० केबीपीएस दर्जाच्या गाण्याला मिनिटाला २.४ एमबी जागा लागते. ४७० मिनिटांच्या यादीला १.१ जीबीच्या आसपास. हे काम आदल्या रात्री वायफायवर करा. केरीच्या किनाऱ्यावर किंवा माडांच्या दाट बागेत नेटवर्कवर भरवसा ठेवला, तर बरोब्बर सूर्य बुडताना गाणे अडकते. उतरवून झाल्यावर फोन विमान मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा आणि प्रत्येक तुकड्यातली दोन-तीन गाणी वाजवून पाहा.

गती स्वतः मोजा

संकेतस्थळांवर दिलेले बीपीएम पुष्कळदा दुप्पट किंवा निम्मे असतात: ७२च्या संथ गाण्यावर १४४ लिहिलेले सापडते. म्हणून घड्याळ पुढ्यात ठेवा, पंधरा सेकंद ठेक्यावर बोट आपटा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणा. बोट नेमके कशावर पडते तेही पाहा. किक ड्रमच्या जाड ठोक्यावर मोजा, हायहॅटच्या झांजेवर नको.

तरी आकडा म्हणजे सगळे नव्हे. दोन गाणी एकाच ११० बीपीएमची असली तरी एकात बेस ठोक्याच्या आधी येऊन पुढे ढकलतो आणि दुसऱ्यात जरासा मागे रेलतो. उन्हाळ्याच्या दुपारी रेललेला बेस हवा. डोळे मिटून ऐका: मान पुढे जाते की मागे? मागे जात असेल तर ते गाणे साडेचारच्या आधी घ्या.

दोन ते साडेचार: पंख्याखालची गाणी

या वेळेचा खरा शत्रू म्हणजे पंखा. तो पाचवर असला की त्याच्या घरघरीत ब्रशने वाजवलेले ड्रम, कुजबुजता गळा, गिटारच्या तारांवरचे बोट, सगळे बुडते. मग माणसे आवाज वाढवतात आणि डुलकी घेणारे आजोबा वैतागतात. उपाय निवडीतच आहे. गळा पुढे आणि स्पष्ट असलेली, वाद्ये मोजकी असलेली गाणी घ्या. अतिशय हळुवार ध्वनिमुद्रणे हेडफोनसाठी राखून ठेवा.

सुरुवात घरच्यापासून करावी. भारतात इंडी हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, रेमो फर्नांडिसने शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम एकट्याने ध्वनिमुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवला. स्वतंत्र संगीत म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या नाही. त्याच्या आधी संगीतकार ख्रिस पेरीच्या चाली आणि गायिका लोर्नाचा गळा. कोकणी गाण्यात जॅझची ट्रम्पेट आणि लॅटिन ठेका इतका सहज मुरलेला आहे की घरातली वडीलधारी माणसे आणि तरुण दोघेही एकाच वेळी कान देतात. बैठकीची पहिली दोन-तीन गाणी इथूनच घ्या, म्हणजे पुढची अनोळखी गाणी ऐकायला मन मोकळे होते.

त्यानंतर पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज, कोलकात्याच्या पारेख अँड सिंगचा ‘ओशन’ (२०१६), कोचीचे व्हेन चाय मेट टोस्ट, प्रतीक कुहाडचा ‘कोल्ड/मेस’. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्ला’ (२०१९) थोडा उशिरा, साडेतीननंतर. त्यातली ब्रासची फुंकवाद्ये जेवणानंतर लगेच जड वाटतात. बाहेरून एअरचा ‘मून सफारी’ (१९९८) आणि ख्रुआंगबिनचा ‘द युनिव्हर्स स्माइल्स अपॉन यू’ (२०१५). टेक्ससच्या या तिघांनी थायलंडच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या पॉप आणि फंककडून बरेच घेतले आहे. त्यांची गिटार एकाच सुरावर रेंगाळते, बेस गोल आणि सावकाश. जिथे घाम येतो अशा प्रदेशातून आलेले हे संगीत आपल्या दुपारला चपखल बसते.

एक मात्र टाळा: या वेळेत एकाच कलाकाराची सलग चार गाणी लावू नका. सुस्तीत कान लवकर कंटाळतात. दोन गाणी एकाची, मग भाषा बदला.

साडेचार ते सव्वासहा: अंगणात सावली आली की

माणसे चहाला उठतात, कोणी कैऱ्या चिरायला घेते, मुले अंगणात उतरतात. आता ठेका ऐकू यायला हवा, पण नाचायची सक्ती वाटता कामा नये. चढण दर तीन गाण्यांमागे ३ ते ४ बीपीएम एवढीच ठेवा. १०० वरून एकदम ११५वर उडी मारली की बोलणारी माणसे गप्प होतात आणि स्पीकरकडे पाहतात. ती नजर दिसली की समजा, चढण फार उभी झाली.

इथे मेट्रोनॉमीचा ‘द इंग्लिश रिव्हिएरा’ (२०११) फार उपयोगी. तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गावांचा अल्बम आहे आणि त्याच्या बेसला समुद्राकाठचा आळस आहे. लिफाफाचा ‘जागो’ (२०१९) हिंदी शब्द आणि इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र आणतो. दुपारच्या इंडीपासून रात्रीच्या डान्सकडे जाताना याच्याइतका चांगला पूल दुसरा नाही. टेम इम्पालाच्या ‘करंट्स’मधले (२०१५) ‘द लेस आय नो द बेटर’ साधारण ११७ बीपीएमचे आहे, म्हणून ते या तुकड्याच्या अगदी शेवटी ठेवा. त्याची बेसओळ अंगणातल्या सगळ्यांना ओळखीची असते आणि पाय आपोआप हलू लागतात.

तिन्हीसांज

संपूर्ण दिवसातला हा सर्वांत महत्त्वाचा सव्वा तास, आणि इथेच सर्वाधिक वेळ खर्च करून निवड करावी. उजेड दर मिनिटाला बदलतो आणि माणसे आपोआप शांत होतात. काही घरांत याच वेळी दिवा लावतात, शुभंकरोती होते. त्या पाच-दहा मिनिटांसाठी संगीत पूर्ण थांबवा. नुसता आवाज कमी करून भागत नाही. थांबल्यानंतर पुन्हा सुरू होणारे पहिले गाणे दुप्पट परिणाम करते, तेव्हा ते विचारपूर्वक ठरवा.

त्या जागी चरणजित सिंग यांचा १९८२ चा ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ घ्यावा असे आमचे ठाम मत आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने रोलंड कंपनीची टीआर-८०८ ठेकायंत्र, टीबी-३०३ बेसयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर जोडून दहा राग वाजवले. त्यावेळी अल्बम फारसा खपला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना धक्का बसला, कारण टीबी-३०३चा तो किरकिरता, वळणारा आवाज शिकागोच्या अॅसिड हाउस या डान्स प्रकारात ऐकू आला तो त्यानंतर काही वर्षांनी. आपल्याला इथे एक जास्तीची सोय आहे: रागांची नावेच वेळ सांगतात. सूर्य खाली येताना मधुवंती, दिवेलागण झाली की यमन. कलावती आणि मालकंस रात्रीसाठी. भैरव, ललत आणि तोडी सकाळचे, ते आज वाजवू नका. मेघमल्हार जूनच्या पहिल्या सरीसाठी राखून ठेवा. ट्रॅक पाचेक मिनिटांचे आणि एका ठाशीव ठेक्याचे आहेत, त्यामुळे पुढे-मागे डिस्को सहज जोडता येते.

यमननंतर आशा पुथली यांचे ‘स्पेस टॉक’ (१९७६). मुंबईची ही गायिका न्यूयॉर्कच्या लॉफ्ट या क्लबात तिथल्या डीजे डेव्हिड मॅन्कुसोच्या निवडीतून नाचणाऱ्यांच्या कानी पोचली. नंतर रूपाचा ‘डिस्को जॅझ’ (१९८२), ज्यात आशिष खाँचा सरोद डिस्कोच्या ठेक्यावर धावतो. नाझिया हसनचे ‘डिस्को दीवाने’ (१९८१) आले की मावश्या आणि आत्या उठतात. ते याच तुकड्यात ठेवा, रात्री उशिरा नको, कारण तोवर त्या स्वयंपाकघरात गेलेल्या असतात.

बैठक लहान असेल, पाच-सहाच माणसे, तर वेगळा रस्ता आहे. मानुएल गॉटशिंगचा ‘ई२-ई४’ हा तासाभराला जेमतेम कमी पडणारा एकच अखंड तुकडा आहे. १९८१ मध्ये बर्लिनमध्ये एका बैठकीत वाजवलेला, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला. दोनच स्वरसमूह, त्यावर हळूहळू उमलत जाणारी यंत्रे आणि उत्तरार्धात गिटार. सूर्यास्ताच्या पस्तीस मिनिटे आधी सुरू करा, म्हणजे गिटार बरोबर सूर्य बुडायच्या वेळी येते. तसाच फोर टेटचा ‘मॉर्निंग/इव्हनिंग’ (२०१५), वीस-वीस मिनिटांच्या दोन बाजूंचा. त्याच्या सकाळच्या बाजूत लताबाईंचा आवाज वापरलेला आहे. इथे मात्र क्रॉसफेड (एक गाणे विरत असतानाच दुसरे सुरू होणे) शून्यावर न्यायला विसरू नका.

साडेसात ते सव्वानऊ: नाच

पहिले गाणे ओळखीचे हवे. स्टारडस्टचे ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ (१९९८) सुमारे १२४ बीपीएम, डाफ्ट पंकचे ‘वन मोअर टाइम’ १२३च्या आसपास. डोना समरचे ‘आय फील लव्ह’ (१९७७) त्याहून थोडे पुढे. जॉर्जिओ मोरोडरने जवळजवळ संपूर्ण साथ यंत्रांवर उभी केली ते हेच गाणे. त्याआधी टॉड तेर्येचे ‘इन्स्पेक्टर नॉर्स’ (२०१२), सुमारे १२० बीपीएमचे, पायरी म्हणून घ्या. कॅरिबूच्या ‘स्विम’मध्ये (२०१०) ध्वनी पाण्यासारखा एका कानातून दुसऱ्या कानात सरकतो, त्यासाठी दोन स्पीकर असावेत, एका ब्लूटूथ डब्यावर तो परिणाम निम्मा होतो.

मराठी गाणे या तुकड्यात हवेच, आणि आता ते नाइलाजाने घ्यावे लागत नाही. पुण्याच्या क्रेटेक्सने श्रेयसच्या साथीने केलेले ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर प्रसिद्ध झाले. मराठी शब्दांचा आघात हाउसच्या चार ठोक्यांवर किती नेमका पडतो ते त्यात ऐकू येते. साडेआठच्या सुमाराला, अंगण भरलेले असताना लावा.

आता गोवा ट्रान्स. हणजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला घडलेला हा प्रकार आपल्या राज्याचे नाव घेऊन जगभर गेला, तेव्हा त्याला जागा द्यायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला आणि पुढे हणजुण्यातच रमलेला गोवा गिल २०२३ मध्ये वारला. त्याच्या पिढीतले डीजे इथे तबकड्यांऐवजी कॅसेट आणि नंतर डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वापरत. उन्हात आणि धुळीत विनाइलची तबकडी वाकते, टेप टिकते. डॅटवर गती बदलून दोन गाणी जुळवायची सोय नसल्याने गाणी लांब आणि सुरुवात-शेवट ठोक्याविना असे बांधले जाऊ लागले. म्हणून आजही यातले ट्रॅक सात-दहा मिनिटांचे असतात आणि सुरुवातीला निव्वळ ध्वनीचा पसारा असतो.

हे संगीत १३५ ते १५० बीपीएमचे आणि मुळात पहाटेसाठी घडलेले. मे महिन्यातल्या संध्याकाळी त्याला वीस मिनिटे द्या, जास्त नको. हॅलुसिनोजेनच्या ‘ट्विस्टेड’मधले (१९९५) दोन ट्रॅक किंवा अॅस्ट्रल प्रोजेक्शनचे दोन पुरतात. अडचण येते ती १२४ वरून १४०वर जाताना. हा फरक जवळजवळ १३ टक्क्यांचा. गती ओढून जुळवली तर गळा आणि सिंथ दोन्ही विद्रूप ऐकू येतात. सोपी युक्ती अशी: हाउस संपू द्या, मग ७० बीपीएमच्या आसपासचे डब रेगे (बेसवर भर असलेले संथ जमैकन संगीत) लावा. माणसे दोन-तीन मिनिटे दम घेतात, पाणी पितात. ७० चा दुप्पट १४०, तेव्हा डबच्या प्रत्येक ठोक्यावर ट्रान्सचे दोन ठोके बसतात आणि जोड कळतही नाही.

नाच थांबवायचा नसेल तर ट्रान्सनंतर लगेच हाउसवर येऊ नका, गती एकदम मेल्यासारखी वाटते. मध्ये ठोका नसलेला एक मिनिटाचा तुकडा हवा.

सव्वानऊ ते नऊ पन्नास

गती प्रत्येक गाण्याला ५ ते ६ बीपीएमने उतरवा, आवाज त्याहून आधी. आठ गाणी पुरतात. बोनोबोचा ‘ब्लॅक सँड्स’ (२०१०), बीच हाउसचा ‘टीन ड्रीम’ (२०१०), आणि शेवट पुन्हा कोकणी किंवा मराठी.

गाण्याला गाणे जोडताना

फक्त फोन असेल तर क्रॉसफेडची मर्यादा बहुतेक अॅपांत शून्य ते बारा सेकंद असते आणि ती सगळ्या याद्यांना एकच लागू होते. म्हणून तुकडा बदलताना ती हाताने बदला: दुपारी ३-४ सेकंद, रात्री १०-१२. इंडी गाण्यावर बारा सेकंद ठेवली की शेवटची ओळ पुढच्या गाण्याच्या सुरुवातीखाली दबते आणि दोन्हींची माती होते.

अॅपमधले आवाजाची पातळी समान राखणारे सेटिंग चालू ठेवा. १९८२ चे ध्वनिमुद्रण आणि २०२४ चे, यांच्या पातळीत मोठी तफावत असते. स्पॉटिफायच्या साध्या सेटिंगमध्ये गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आसपास आणली जातात. ‘लाउड’ पर्याय मात्र घेऊ नका, त्यात शांत ध्वनिमुद्रणांचे चढउतार चेपले जातात.

लॅपटॉप असेल तर मिक्स (Mixxx) नावाचे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आदल्या दिवशी सर्व फाइलींचे विश्लेषण करून ठेवा, म्हणजे गती, स्वर आणि पातळी तिन्ही समोर दिसतात. प्रत्येक ट्रॅकचा सा वेगळा असतो. दोन वेगळ्या सांची गाणी तीस सेकंद एकमेकांवर वाजली की ठेका जुळूनही कान दुखतात. कॅमेलॉट चक्र या स्वरपट्ट्यांच्या तक्त्यात हे सोपे केलेले आहे: १ ते १२ आकडे, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए असलेल्या गाण्याला ७ए, ९ए, ८बी किंवा ८एच जोडा.

जोड कुठे सुरू करायची तेही ठरलेले असते. डान्स ट्रॅक आठ-आठ मात्रांच्या नव्हे, बत्तीस ठोक्यांच्या आवर्तनांत बदलतो. १२० बीपीएमला बत्तीस ठोके म्हणजे बरोबर सोळा सेकंद. नवे गाणे या आवर्तनाच्या समेवर सोडा. सम चुकली तर दोन गाणी समांतर पळतात आणि एकाचा ड्रॉप (ठेका जोरात परत येण्याची जागा) दुसऱ्याच्या शांत भागावर आदळतो. दोन्हींचा बेस एकत्र ठेवू नका. जुन्या गाण्याचा लो नॉब, म्हणजे बेसचे बटण, खाली आणूनच नव्याचा वर घ्या.

स्पीकर कुठे आणि किती

ओसरीवरच्या दहा माणसांना २० ते ३० वॅटचा चांगला ब्लूटूथ स्पीकर पुरतो. तो कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकवून ठेवला की बेस फुगतो आणि गळा झाकला जातो. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. लाल कोब्याच्या किंवा फरशीच्या जमिनीवर आवाज उसळतो, तिथे चटई किंवा गोधडी पसरा. फरक लगेच कळतो.

अंगणात तीस माणसे असतील तर दोन अॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर, दहा किंवा बारा इंची, स्टँडवर, ट्वीटर (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर) डोक्यांच्या वर म्हणजे सहा-साडेसहा फुटांवर. दोघांची तोंडे किंचित आत वळवा. लांब केबल लागत असेल तर एक्सएलआर वापरा, बारीक ऑक्स केबल तीन मीटरच्या पुढे नेऊ नका. गुणगुण ऐकू आली तर पहिल्यांदा लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

आता शेजार. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ९० असेल तर दोन मीटरवर ८४, चारवर ७८, आठवर ७२, सोळावर ६६. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. खासगी जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त होता कामा नये. शेजाऱ्याचे कुंपण सोळा मीटरवर असेल आणि तिथे ५५ राखायचे असतील तर एक मीटरवर ८० च्या खालीच राहायला हवे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक उघड्यावर लावता येत नाही, आणि दिवसा लावायलाही लेखी परवानगी लागते. ती आधीच काढा. तिकीट लावून किंवा हॉटेलात कार्यक्रम करायचा असेल तर पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताच्या हक्कांचे काम पाहणाऱ्या संस्थांचे परवाने वेगळे.

बेसची गोष्ट आणखी वेगळी. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी सात मीटरच्या आसपास असते, ती कौलांतून आणि खिडकीतून सरळ पार होते. रात्री वारा पडून जमिनीलगतची हवा गार झाली की आवाज खाली वाकून लांबवर पोचतो, म्हणून सहा वाजता न ऐकू येणारा बेस नऊ वाजता पलीकडच्या वाड्यात ऐकू येतो. आठनंतर ६० हर्ट्झखालचा भाग ४ ते ६ डेसिबलने कमी करा आणि स्पीकरची पाठ वस्तीकडे ठेवा. नाचणाऱ्यांना उणीव जाणवत नाही, कारण ते स्पीकरच्या जवळ असतात.

कानांसाठीही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, ९० फक्त ४ तास. मुलांना स्पीकरच्या पुढ्यात बसू देऊ नका.

उष्मा, खारी हवा आणि वीज

लिथियम बॅटरी तापलेली असताना चार्ज करू नये. ४५ अंशांच्या वर चार्जिंगने तिचे आयुष्य घटते. दुपारी मिरामारला उभ्या केलेल्या बंद गाडीत स्पीकर ठेवला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. स्पीकरवर आयपी६७ हा पाणी-धूळरोधक दर्जा लिहिलेला असला तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, अर्धा तास, एक मीटर. समुद्राचे पाणी लागले तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलके धुवा, चार्जिंगच्या खाचेचे झाकण घट्ट लावून, आणि खाच पूर्ण कोरडी होईपर्यंत केबल जोडू नका. ओल्या खाचेत वीज गेली की मिठामुळे पिना एका रात्रीत हिरव्या पडतात. रेती बाजूच्या थरथरणाऱ्या पडद्याखाली अडकली की बेसवर चरचर येते. मऊ कोरड्या ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, ती आत जाते.

मे महिन्यात वीज जाणारच, हे धरूनच तयारी करा. अॅक्टिव्ह स्पीकर आणि मिक्सर थेट बोर्डात न लावता स्पाइक गार्डमधून लावा; वीज परत येताना पहिला झटका मोठा असतो, म्हणून गेल्याबरोबर स्पीकरची बटणे बंद करा. साध्या इन्व्हर्टरवर हे स्पीकर घरघरतात. त्यापेक्षा एक बॅटरीचा ब्लूटूथ स्पीकर पूर्ण चार्ज करून, फोनशी आधीच जोडून आणि तीच यादी उतरवून बाजूला ठेवा. अंधारात जोडणी शोधत बसावे लागत नाही, आणि जिथे गाणे थांबले होते तिथूनच ते उचलता येते.

मृगाआधी सगळे सामान आवरताना केबली ओल्या फडक्याने पुसून मीठ काढा, सावलीत वाळवा, सैल गुंडाळ्या करून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. स्पीकरची बॅटरी निम्मी भरलेली असू द्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तासभर वाजवा.